आमच्या लेकीचा शंट

आमची लेक आता अडीच वर्षांची आहे. तिच्या उजव्या कानामागे, केसांखाली एक छोटा उंचवटा आहे आणि तिथून एक बारीक नळी कातडीखालून मानेवरून, छातीवरून पोटात गेली आहे. अंघोळ घालताना ती बोटांना लागते. हा तिचा शंट, डोक्यात साठणारं जादा पाणी पोटात नेऊन सोडणारा. तिला हायड्रोसेफॅलस आहे, म्हणजे आपल्याकडे ‘डोक्यात पाणी झालंय’ म्हणतात ते. ऑपरेशन काय असतं हे डॉक्टर नीट समजावून सांगतात. बाळ घरी आल्यावर रोज काय बघायचं, कशानं घाबरायचं आणि कशानं नाही, हे मात्र आम्हाला करता करताच कळत गेलं. ज्यांच्या हातात नुकताच असा रिपोर्ट पडला असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

गरोदरपण सरळ गेलं होतं. बाळात काही दोष नाही ना हे बघणाऱ्या, पाचव्या महिन्यातल्या अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये काही दिसलं नव्हतं. (काही बाळांमध्ये तेव्हाच दिसतं, काहींमध्ये शेवटच्या महिन्यांत, तर काहींमध्ये जन्मानंतर.) पाचवी झाली, बारसं झालं, धायरीतल्या आमच्या दोन खोल्यांत शेक-शेगडीचा वास भरून राहिला. पहिल्यांदा शंका आली ती मालिशवाल्या मावशींना. त्या रोज टाळू भरायच्या. कोमट तेल बोटांवर घेऊन टाळूच्या खळग्यात थेंब थेंब सोडायचं आणि दोन बोटांनी हलकेच थोपटायचं. बाळ दोन-अडीच महिन्यांचं झालं असेल, तेव्हा एके दिवशी त्या थांबल्या. म्हणाल्या, “अगं, हिची टाळू तेल धरत नाही. खळगाच नाही. बघ, सगळं कपाळावर ओघळतंय.” मी बोट लावून पाहिलं. टाळू ताणलेली होती, ढोलकीच्या पुडीसारखी. आणि बाळ रडत नव्हतं, मावशींच्या पायांवर शांत पडून होतं.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. कपाळाच्या दोन्ही बाजूंना निळ्या शिरा उठून दिसत होत्या. डोळे खाली कललेले असायचे, बुबुळाच्या वरचं पांढरं दिसायचं. तुळशीबागेतून आणलेली टोपरी महिन्याभरात घट्ट व्हायची. सासूबाई म्हणायच्या, “मोठं डोकं भाग्याचं असतं गं.” त्यांच्या म्हणण्यात माया होती, पण मावशींचं बोलणं माझ्या मनातून जाईना.

साडेतीन महिन्यांच्या लसीला गेलो तेव्हा हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी टेप काढली. पुढून भुवयांच्या वर, बाजूंनी कानांच्या वर आणि मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून त्यांनी तीनदा मोजलं आणि त्यातला मोठा आकडा लिहिला, 44 सेंटिमीटर. मग फाईल मागे चाळली. जन्मताना 34.5, दीड महिन्याच्या लसीला 38, अडीच महिन्यांच्या वेळी 40.5. त्यांनी आलेखावर टिंबं मांडली आणि माझ्याकडे वळवून दाखवली. रेघ सगळ्या छापील रेघा ओलांडून वर चालली होती. “पहिले तीन महिने डोकं महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतं,” ते म्हणाले, “पुढचे तीन महिने एकेक, आणि मग वर्षाचं होईपर्यंत अर्धा-अर्धा. हिचं गेल्या एका महिन्यात साडेतीन वाढलंय. ताई, उद्यावर नका टाकू. आजच सोनोग्राफी करून घ्या.”

लसीला नेलेल्या प्रत्येक बाळाचं डोकं मोजून कार्डावर लिहून घ्यावं, हे मी आता भेटेल त्या आईला सांगते. नुसत्या एका आकड्यावरून काही कळत नाही. काही घरांत सगळ्यांचीच डोकी मोठी असतात आणि त्यात काही वावगं नसतं. दोन-तीन वेळा मोजलेलं असलं की रेघ कुठे चालली आहे ते दिसतं. आमच्या डॉक्टरांनी दर वेळी मोजलं होतं, म्हणून आमचं निदान त्या दिवशी झालं.

टाळूवर हाड नसतं, त्यामुळे सोनोग्राफीचा प्रोब तिथे टेकवला की मेंदूच्या आतलं दिसतं. मेंदूतल्या पोकळ्या फुगल्याचं काही मिनिटांतच कळलं. नेमकं कारण शोधायला एमआरआय केला, त्यासाठी तिला झोपेचं औषध द्यावं लागलं. दोन्ही बाजूंच्या पोकळ्या आणि मधली तिसरी मोठी झालेली, चौथी मात्र नेहमीएवढीच. तिसरी आणि चौथी यांना जोडणारी वाट जन्मतःच अरुंद होती. अ‍ॅक्विडक्टल स्टेनोसिस, असं रिपोर्टात लिहिलं होतं.

न्यूरोसर्जननी केसपेपरच्या मागे आकृती काढली. मेंदूच्या आत चार पोकळ्या. त्यांत एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो, एकीतून दुसरीत जातो, मेंदूभोवती आणि मज्जारज्जूभोवती फिरतो आणि शेवटी रक्तात शोषला जातो. मोठ्या माणसात एका वेळी तो साधारण 150 मिलिलिटर असतो, पण दिवसभरात जवळपास 500 मिलिलिटर तयार होतो. म्हणजे दिवसातून तीन वेळा तरी सगळा नवा होतो. वाटेत कुठे अडलं तरी तयार व्हायचं थांबत नाही. मग पोकळ्या फुगतात आणि मेंदू कवटीकडे दाबला जातो. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडं अजून सांधलेली नसतात, म्हणून डोकं वाढतं. मोठ्या मुलात तेवढी जागा नसते, तिथे डोकेदुखी आणि उलट्या लवकर सुरू होतात.

ही आकृती मी जपून ठेवली आणि पुढे अनेकांना दाखवली. “सुईनं एकदाच सगळं पाणी काढून टाकता येत नाही का?” हा प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येकानं विचारला. दिवसातून तीनदा भरणारं पाणी एकदा काढून भागत नाही, एवढं सांगितलं की लोकांना पटायचं. न पटणारे प्रश्न वेगळे होते. “ग्रहणात काही चिरलंस का?” “दिवस असताना पाणी फार पीत होतीस ना?” बाळंतिणीच्या अंगावर असे शब्द फेकताना माणसं क्षणभरही थांबत नाहीत, याचा मला आजही राग येतो. एकदा सासूबाईंसमोर कुणीतरी हे बोललं, तेव्हा त्या आत गेल्या, तो केसपेपर घेऊन आल्या आणि बोटानं दाखवत म्हणाल्या, “हे बघा, ही वाट अरुंद आहे. पोटात असतानाच तशी झाली. माझ्या सुनेचा यात काही संबंध नाही.” त्या दिवसापासून मला घरात एकटं वाटलं नाही.

पर्याय दोन होते. एक म्हणजे दुर्बिणीतून तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला दुसरी वाट करून देणं, त्याला ईटीव्ही म्हणतात. त्यात शरीरात काही बसवावं लागत नाही, म्हणून माझं मन तिकडे ओढ घेत होतं. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळांमध्ये ते छिद्र टिकण्याची शक्यता कमी असते, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं. दुसरा पर्याय शंट. मेंदूच्या पोकळीत एक नळी, मध्ये झडप, आणि पुढची नळी कातडीखालून पोटात. तिथे तो द्रव आपोआप शोषला जातो. मूल उंच होत जाईल तशी पुरावी म्हणून पोटात नळीची लांबी जादा सोडतात. आणि हेही सांगितलं की पहिल्या वर्षात शंभरातले तीस-चाळीस शंट कुठल्या ना कुठल्या कारणानं बिघडतात, तेव्हा पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं. ऐकताना पोटात गोळा आला. पण त्यांनी ते आधी सांगितलं, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

माझा नवरा भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची अवजारं आणि साचे बनतात तिथे, काम करतो. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो झडपेचा. “सर, उलटं येत नाही ना?” सर्जननी कपाटातून नमुना काढून त्याच्या हातात दिला. ठरावीक दाब आला की उघडणारी, एकाच दिशेनं सोडणारी सिलिकॉनची झडप. त्यानं ती उजेडात धरून उलटीसुलटी करून पाहिली. त्या रात्री त्यानं मोबाइलवर वाचून काढलं की या झडपेमागे एक बाप आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाजवळचा जॉन होल्टर, एका कारखान्यातला तंत्रज्ञ. त्याचा मुलगा केसी 1955 मध्ये मणक्याच्या दोषासह जन्मला आणि त्याला हायड्रोसेफॅलस झाला. यूजीन स्पिट्झ नावाच्या सर्जनकडून अडचण काय आहे ते होल्टरनं समजून घेतलं आणि स्वतः झडप बनवली. 1956 मध्ये ती माणसांत बसवली गेली. केसी पुढे लहानपणीच गेला. झडप मात्र जगभरच्या मुलांना लागली. नवरा हे मला वाचून दाखवताना मध्येच थांबला. मग म्हणाला, “टूलरूमवाला होता गं तो.”

पैशांचं थोडक्यात सांगते. आमचं रेशनकार्ड केशरी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसलं. रुग्णालयात योजनेच्या टेबलाशी आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन दाखल होण्याआधीच त्यांना भेटावं. योजनेत बसत नसेल, तर धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचं बंधन आहे. तिथल्या समाजसेवा विभागात विचारायला संकोच करू नये. झडपेच्या बाबतीत महागातली घेतली नाही तर आपण लेकीला कमी देतोय, असं मला फार वाटत होतं. सर्जननी युगांडातल्या 195 मुलांवरच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, 2005 मध्ये छापून आलेल्या. स्वस्त शंट आणि महाग शंट बसवलेल्या मुलांमध्ये एका वर्षानंतर फरक सापडला नव्हता. आम्ही साधा घेतला.

वॉर्डात गेल्यावर कळलं की एकाच नावाच्या आजाराला किती वाटांनी मुलं येतात. शेजारच्या कॉटवर वेळेच्या फार आधी जन्मलेलं बाळ होतं, त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. खिडकीजवळ तीन वर्षांचा मुलगा, टीबीच्या मेंदूज्वरानंतर पाणी झालेला. त्याचे बाबा रात्रभर त्याचा हात धरून बसायचे. आणि बार्शीकडची एक मुलगी, जन्मतःच पाठीवर उघडी गाठ असलेली. तिच्या आईला फोलिक अ‍ॅसिडची गोळी तिसऱ्या महिन्यात सुरू झाली होती. गर्भात मज्जारज्जूची नळी नीट बंद झाली नाही की अशी गाठ राहते, आणि फोलिक अ‍ॅसिडनं तो धोका कमी होतो. पण ही नळी पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते, म्हणजे दिवस गेल्याचं नीट कळायच्याही आत. म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅमची ती गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायची असते. ही गोष्ट लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीला कुणीतरी सांगायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं. ती आई विशीतली होती आणि तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी चार तास आधी अंगावरचं दूध बंद करायला सांगितलं होतं. भुकेनं ती रडत होती आणि मला पान्हा फुटत होता. थिएटरबाहेर सिस्टर तिचे केस काढायला आल्या. जावळ वर्षाच्या आत मामाच्या मांडीवर काढायचं, असं आमच्याकडे ठरलेलं. माझा दादा हडपसरहून पहाटेच आला होता. त्यानं सिस्टरना विचारलं, “मी हिला मांडीवर घेऊन बसू का?” त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बसा, पण डोकं हलू देऊ नका.” दादाच्या मांडीवर तिचं उजव्या बाजूचं जावळ निघालं. सिस्टरनी ते केस कागदाच्या पुडीत बांधून सासूबाईंच्या हातात दिले. आजही ती पुडी देवघरात आहे.

दीड तासात तिला बाहेर आणलं. कानामागे एक छेद, पोटावर एक छोटा. टाळू खोल गेली होती. ते पाहून मी घाबरले, पण ऑपरेशननंतर तसं होतं. दाब एकदम उतरू नये म्हणून तिला आधी सपाट निजवून मग हळूहळू डोकं उंच करत नेलं. दोन-तीन दिवसांनी दुपारी ती जागी होती. छतावरचा पंखा संथ फिरत होता. तिची नजर वर गेली आणि पंख्यावर ठरली. साडेतीन महिन्यांत तिनं वर कधी पाहिलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आत दाब वाढला की डोळे वर उचलता येत नाहीत. मी नवऱ्याला हाक मारली आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो, ती पंख्याकडे.

घरी आल्यावर काही गोष्टी बदलल्या. टाळू भरणं बंद. मावशींची मालिश जखम भरल्यावर पुन्हा सुरू केली. त्यांना नळीचा मार्ग बोटानं दाखवला आणि तेवढी पट्टी सोडून त्या हात फिरवायच्या. सुरुवातीला शंटच्या कुशीवर निजवायचं नाही. झडपेचा उंचवटा दाबून बघायचा नाही, आपणही नाही आणि कुतूहलानं बघायला येणाऱ्यांनीही नाही. डोकं जड असतं, म्हणून उचलताना मानेखाली हात हवाच. पोट साफ राहील याकडे लक्ष द्यायचं. लसी ठरल्या वेळी द्यायच्या, शंट आहे म्हणून काहीही चुकवायचं नाही. पहिल्या काही महिन्यांत जंतुसंसर्गाची भीती जास्त असते. ताप, टाक्यांजवळ लाली, नळीच्या रेषेत सूज, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय. बाजारातली टोपरी बसेनात, तेव्हा माझ्या आईनं जुन्या सुती साडीची नाडी असलेली टोपरी शिवली. डोक्याच्या घेराप्रमाणे सैल-घट्ट होणारी.

अवघड भाग पुढे होता. शंट नीट चालला आहे की नाही हे सांगणारा दिवा कुठे लागत नाही. बिघडला तर उलट्या होतात, मूल चिडचिडं होतं किंवा जास्त झोपतं, खात नाही. आणि हे सगळं दात येताना, सर्दीत, पोट बिघडल्यावरही होतं. मग ओळखायचं कसं? सर्जनना विचारलं, तर ते म्हणाले, “पुस्तकातली लक्षणं आम्हाला माहीत आहेत. तुमच्या मुलीचं रोजचं वागणं तुम्हाला माहीत आहे. तेच नीट बघून ठेवा.” तेव्हा मला हे उत्तर अपुरं वाटलं होतं.

ती दहा महिन्यांची असताना, गौरी-गणपतीच्या दिवसांत, सकाळी दूध पिऊन तिनं उलटी केली. दुपारी पुन्हा. ताप नाही, जुलाब नाहीत. जवळच्या एका डॉक्टरांनी तपासून, “दात येतायत, घरात गोडधोड चालू आहे, पोट बिघडलंय,” असं म्हणून औषध दिलं. संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली. एरवी ती शिट्टी झाली की दचकून, मग खुदकन हसून स्वयंपाकघराकडे बघायची. त्या दिवशी तिनं मान वळवली नाही. शेजारच्या गणपतीची आरती, टाळ, झांजा, कशाकडेच लक्ष नाही. मी तिला पलंगावर उताणी निजवलं आणि पंखा लावला. रोज पंखा लागला की हातपाय उडवायची. नजर वर गेलीच नाही. मग तिला बसती धरली, शांत होऊ दिली आणि टाळूवर बोट ठेवलं. टाळू रडताना कुणाचीही फुगते आणि आडवं असताना भरलेली लागते, म्हणून ती बसवून, शांत असतानाच बघायची. ताणलेली होती.

नवरा सेकंड शिफ्टला होता. मी फोनवर एवढंच म्हणाले, “ती पंख्याकडे बघत नाहीये.” तो म्हणाला, “नीघ तू. मी परस्पर पोचतो.” मध्यवस्तीतले रस्ते गणपतीमुळे बंद होते, म्हणून दिरांनी राजाराम पुलावरून कर्वेनगरमार्गे रिक्षा घातली. असा प्रसंग येईल तेव्हा कोणत्या वाटेनं जायचं, हे आधीच ठरवून ठेवलं होतं. गाडी मिळालीच नाही तर 108 ला फोन करायचा, हेही. सणासुदीच्या पुण्यात हे आधीच ठरलेलं असलेलं बरं.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, “नेहमीपेक्षा वेगळं काय वाटतंय?” मी कुकर सांगितला, पंखा सांगितला, टाळू सांगितली. त्यांनी ते सगळं लिहून घेतलं, एकही शब्द न उडवता. डोक्यापासून पोटापर्यंत एक्स-रे काढून नळी कुठे तुटली किंवा सुटली नाही ना ते पाहिलं. मग सीटी. मी फाईलमधून ऑपरेशननंतरच्या सीटीची सीडी काढून दिली. नवा आणि जुना शेजारी शेजारी लावल्यावर फरक लगेच दिसला, पोकळ्या पुन्हा मोठ्या झाल्या होत्या. जुना नसता तर नुसत्या नव्यावरून सांगणं कठीण गेलं असतं, कारण शंट असलेल्या पुष्कळ मुलांच्या पोकळ्या एरवीही थोड्या मोठ्याच राहतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ऑपरेशन झालं. मेंदूतल्या नळीच्या छिद्रांत, जिथे हा द्रव तयार होतो त्याच झालरीसारख्या पेशींचा तुकडा अडकला होता. ती नळी बदलली.

सर्जनचं ते उत्तर मला तेव्हा पुरतं समजलं. त्यानंतर मी एक वही केली. ती किती वाजता उठते, किती खाते, दुपारी किती झोपते, कशाला हसते, कोणत्या आवाजाला वळते. आठवड्यातून एकदा टेप. आणि महिन्यातून एकदा मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ, काही खास नसलेल्या दिवसाचा. खेळताना, खाताना, पंख्याकडे बघताना. डॉक्टरांनी तिला बरी असताना क्वचितच पाहिलेलं असतं. हा व्हिडिओ दाखवला की त्यांना तुलना करता येते. फाईलमध्ये ऑपरेशनचा कागद, झडपेचा प्रकार आणि दाब, सीटी-एमआरआयच्या सीड्या, आणि या सगळ्याचे फोटो मोबाइलमध्येही. गावी जाताना, लग्नाला जाताना फाईल सोबत असतेच.

त्यानंतर आम्ही कित्येकदा घाबरून गेलो आणि साधा व्हायरल ताप निघाला. कधीही कुणी “उगाच आलात” म्हटलं नाही. जायला लाजू नका.

वाढीचं म्हणाल तर सगळं झालं, उशिरा झालं. मान सहा महिन्यांनंतर धरली, बसायला वर्ष होत आलं होतं, चालली ती पावणेदोन वर्षांची झाल्यावर. जड डोकं सावरत मान आणि पाठ घट्ट करायची म्हणजे त्या छोट्या जिवाला केवढी मेहनत. पहिल्या ऑपरेशनची जखम भरल्यावर लगेच फिजिओथेरपी सुरू केली, वाट बघत बसलो नाही. पुण्यात यासाठी चांगली ठिकाणं आहेत. रास्ता पेठेत केईएम रुग्णालयाचं बालविकास आणि पुनर्वसनाचं केंद्र आहे, ससूनमध्येही विचारता येतं. थेरपिस्टनी शिकवलेलं सगळं घरात बसवलं. पोटावर पालथं टाकून समोर पितळी वाटी ठेवायची, ती वाजवायला ती मान उचलायची. सासूबाई दुपारची पोथी वाचताना तिला समोर पालथी टाकायच्या आणि पान उलटताना एकदा वाटी वाजवायच्या. नजर आणि ऐकणं वेळोवेळी तपासून घेतलं. डाव्या डोळ्यात थोडा तिरळेपणा आहे, त्याला चष्मा लागला आहे. तो ती स्वतः शोधून घालते. बोलायला लागली आहे, ‘मामा’ सगळ्यात आधी. पुढे शाळेत गणित जड जाईल का, लक्ष टिकेल का, हे प्रश्न आहेत. काही मुलांना ते जातं, काहींना नाही. आम्ही तिच्या वेगानं चाललो आहोत.

जूनपासून ती बालवाडीत जाणार आहे. बालवाडीच्या ताईंना भेटून मी एक कागद दिला. त्यावर लिहिलंय: पडली आणि साधं खरचटलं तर नेहमीसारखं बघा. वर्गात दोनदा उलटी झाली, एरवी न झोपणारी झोपायला लागली, डोकं धरून रडली, चालताना तोल गेला किंवा नजर वर जात नाहीशी वाटली, तर मला फोन करा. मी उचलला नाही तर तिच्या बाबांना, तेही नसतील तर मामाला. झटका आला किंवा उठवूनही उठत नसेल, तर फोन करत बसू नका, 108 बोलवा. ताईंनी कागद शांतपणे वाचला, मग विचारलं, “घसरगुंडीवर बसू देऊ?” मी म्हणाले, “द्या. दोरीवरच्या उड्या, बॉल, सगळं खेळू द्या.” त्यांनी कागदाच्या खाली ते स्वतःच्या हातानं लिहिलं आणि हजेरीच्या वहीत चिकटवून टाकला. पुढच्या आठवड्यात मदतनीस बाईंनाही तो वाचून दाखवायला मी जाणार आहे.